उंटानंतरचं लग्न

उंट दिसला की करुणाचं डोकं फिरायचं. वर्षा-दोन वर्षांतून एकदा राजस्थानकडची माणसं उंट घेऊन वारंगा फाट्यावरून जायची. पंक्चरच्या दुकानांपुढं लेकरं जमायची, ट्रकवाले हातातला चहा ठेवून उठायचे, आणि ही बाई अंगणवाडीचं दार आतून लावून घ्यायची. लोक म्हणायचे, बाई उंटाला भिते. भिते कसली डोंबल! वीट आला होता तिला. स्वतःचं लग्न बघायचं म्हणून आधी एक तास दहा मिनिटं उंट बघावा लागतो, अशी दुसरी बाई या मुलखात कुणी असेल तर तिनं समोर यावं, तिला साडीचोळी करायला करुणा तयार होती.

झालं होतं ते असं. करुणाचं लग्न पंच्याण्णव सालचं. माहेर औंढा नागनाथच्या पलीकडचं एक खेडं. बाप कोंडीबा हळद शिजवायच्या कढईवर कामाला जायचा. लेकीचं लग्न ठरलं त्याच दिवशी त्यानं जाहीर केलं, "शूटिंग करायची म्हंजे करायची." वस्तीत तोवर कुणाच्याच लग्नाची शूटिंग झाली नव्हती. करुणाची माय लक्ष्मीबाई म्हणाली, "चार फोटो काढा न. काहून जिवाला तकलीफ करून घेऊन राहिले?" पण कोंडीबा ऐकतोय कुठला!

शूटिंगला थावरा नावाचा गडी आला. येताना दोन कोऱ्या कॅसेट घेऊन आला. त्यातली पहिली त्यानं मांडवाच्या झालरीवर, स्वयंपाकाच्या भांड्यांवर आणि नवरदेवाकडच्या पाव्हण्यांच्या टोप्यांवर घालवली. करुणाच्या सासऱ्याची टोपी त्यात अडीच मिनिटं आहे, तीही मागून. दुसरी कॅसेट वंदना, हार आणि आहेरात संपली. पंगत बसायच्या वेळेला थावरा डोक्याला हात लावून उभा. आता पाठवणी कशात घ्यायची?

त्या दिवशी स्वयंपाक्यांच्या पायात लेकरं येऊ नयेत म्हणून समाजमंदिरात टीव्ही आणि व्हीसीआर लावून दिला होता. औंढ्याच्या एका मास्तरांनी शाळेची म्हणून कार्टूनच्या पिक्चरची कॅसेट आणली होती. उंटाचं पिल्लू वादळात कळपापासून चुकतं, त्याला एक तोतरा सरडा भेटतो, आणि दोघं मिळून कळप हुडकत समुद्राकडं निघतात, असा तो पिक्चर. सगळा इंग्रजीत. सरडा तोतरा आहे हे लेकरांना बराबर कळलं, बाकी भाषा कुणाला हवी होती? पंगतीची हाळी आली तशी लेकरं पिक्चर तिथंच थांबवून पळाली. थावरा आत आला, पडदा काळा, माणूस नाही काणूस नाही. त्याला वाटलं पिक्चर संपलाय, पुढची टेप रिकामीच असणार. पिक्चरच्या कॅसेटवर कुणी भलतं काही भरू नये म्हणून तिची मागची प्लास्टिकची कडी मोडलेली असते. पठ्ठ्यानं कडीच्या जागच्या भोकावर चिकटपट्टी लावली, कॅसेट कॅमेऱ्यात घातली आणि निघाला पंगतीकडं.

पिक्चर संपलेला नव्हता. पिल्लू शेवटच्या वाळूच्या टेकाडावर चढतं, समोर समुद्र दिसतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ते तोंड उघडतं आणि एकदम वरणाची बादली! मग पत्रावळी, मग पाव्हणे, मग करुणाचं उरलेलं लग्न. मास्तरांनी ते पुढं एकदा बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "राहू द्या, तुमच्याकडंच ठेवा."

आता कुणी म्हणेल, बरं झालं, निदान पहिल्या दोन कॅसेट तर चांगल्या आहेत ना? चांगल्या! थावरानं त्या गावी नेऊन "मिक्शिंग" करून आणल्या. म्हणजे काय केलं, तर करुणाच्या डोक्याभोवती बदाम फिरवले आणि सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी घातली. भन्तेजी पंचशील देताहेत, पांढऱ्या साडीतली करुणा हात जोडून उभी आहे, सगळ्यांचे ओठ हलताहेत, आणि वरून कुठली तरी बाई पावसात भिजल्याचं गाणं म्हणतेय. एका माणसाचा एक शब्द ऐकू येत नाही. तिसऱ्या कॅसेटवर मात्र थावराची डाळ शिजली नाही. "उंटावर मी गाणं कुठून लावू?" म्हणाला, आणि ती जशीच्या तशी आणून दिली. म्हणून अख्ख्या लग्नातला खरा आवाज कुठं राहिला असेल, तर तो उंटाच्या शेपटाला.

प्रेमानंद, करुणाचा नवरा. फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. त्यानं कुठून तरी जुना व्हीसीआर आणला, तोही एक नगच. पुढं पळवायचं बटण दाबलं की टेप गुंतायची, मागं घेतली की थेट सुरुवातीलाच जाऊन थांबायची. त्यामुळं घरात कुणीही पाव्हणा आला आणि "दाखवा की लग्न" म्हणाला, की आधी उंट. करुणा पाव्हण्यांना सांगायची, "बसा, आमचं लग्न यायला वेळ हाय." लेक पल्लवी झाली, ती त्या उंटावरच मोठी झाली. पाच वर्षांची होईस्तोवर तिची समजूत होती की पिल्लू आईच्या लग्नालाच चाललंय. नवीन पाव्हणे आले की ती समजावून सांगायची, त्याला उशीर झाला, म्हणून ते रडतंय. पाव्हणे हसून लोळायचे. करुणा भाकरीच्या पिठावर राग काढायची.

पण खरं सांगायचं तर करुणाचा राग उंटावर नव्हताच, आणि हे तिनं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. तो होता बापावर. पाठवणीच्या वेळेला कोंडीबा नव्हता. दिवस मावळत आलेला, जीप लागलेली, बायका गळ्यात पडून रडत होत्या. हिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, "आबा कुठं हायेत?" म्हणून विचारलं. कुणी म्हणालं भांडी मोजायला गेले असतील, कुणी म्हणालं आचाऱ्याकडं असतील. जीपवाला हॉर्न मारून मारून जीव खात होता. बापाच्या पाया न पडता लेक जीपमध्ये बसली. एवढी शूटिंग, एवढा तमाशा, आणि पोरीला वाटं लावताना बाप गायब! पुढं पंचमीला तो न्यायला आला, हसला, बोलला, पल्लवीला खांद्यावर घेऊन फाटाभर हिंडला, पण त्या संध्याकाळचं एका शब्दानं काढलं नाही. आणि हिनंही विचारलं नाही. विचारायचं काय, ज्याचं त्याला कळायला नको?

म्हणून कॅसेटमध्ये जीप दिसली रे दिसली, की करुणा उठायची. चहा टाकायची, दोरीवरचे कपडे काढायची, काहीही. तेवढं तिनं कधीच बघितलं नाही.

दोन हजार एक साली कोंडीबा छातीच्या दुखण्यानं गेला. त्याचा म्हणून घरात एकच फोटो, तोही कुठल्याशा अर्जावरचा, टिकलीएवढा. लक्ष्मीबाई लेकीकडं फाट्यावर राहायला आली. तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता, दोन वर्षांत नजर पार गेली. फोटो असला काय आणि नसला काय. मग तिनं एक धोशा लावला, "कॅसेट लाव गं. त्यात यांचा आवाज हाय."

आता लावायची म्हणजे काय सोपं काम? ते लोडशेडिंगचे दिवस. लाइट दुपारी यायची, ती कधी जाईल याचा नेम नाही. म्हातारी टीव्हीला कान लावून बसायची. उंट चुकायचा, सरडा भेटायचा, खजुराची झाडं गाणं म्हणायची, पिल्लू टेकाड चढायला लागायचं आणि फट्! लाइट गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून उंट. एका उन्हाळ्यात अकरा वेळा असं झालं. अकराव्या वेळेला करुणानं टीव्हीसमोर उभं राहून उंटाला, सरड्याला, थावराला आणि वीज मंडळाला एका दमात जे काय सुनावलं, ते ऐकून शेजारीण दारात आली. लक्ष्मीबाई तेवढी शांत. म्हणाली, "उद्या बघू. आज टेकाडापर्यंत तरी आलं."

आणि मग दोन हजार सहा साली व्हीसीआरनं कायमचंच डोकं टेकलं. कॅसेट काढली तर कडेनं पांढरी बुरशी.

हिंगोलीत एस.टी. स्टँडजवळ एका दुकानावर पाटी होती, जुन्या कॅसेटची सीडी करून मिळेल. गोपीचंद म्हणून माणूस होता दुकानात, बोलायला लाघवी. करुणा ट्रेनिंगला गेली होती, तिला परतीची गाडी गाठायची होती. कॅसेट दिली, नाव लिहून दिलं आणि पळाली. आठ दिवसांनी प्रेमानंदनं सीडी आणली. शेजाऱ्याकडून प्लेअर आणला. लक्ष्मीबाईनं केस विंचरून घेतले, नवं लुगडं नेसली. सगळे बसले.

उंट सुरू झाला. बुरशी धुऊन काढलेला, लख्ख. पिल्लू टेकाड चढलं. समुद्र दिसला. डोळ्यांत पाणी आलं. तोंड उघडलं. आणि पिल्लू हिंदीत बोललं!

घरात क्षणभर कुणाला काही सुधरेना. मग पल्लवी किंचाळली, "आई, शेवट! शेवट आलाय!" गोपीचंदकडं तोच पिक्चर हिंदीत होता. कुणाच्या तरी लग्नानं चांगला पिक्चर खराब केलाय असं समजून त्या भल्या माणसानं लग्न काढून टाकलं होतं आणि आपल्याकडचा शेवट जोडून दिला होता. अकरा वर्षं अडकलेला तो शेवट सगळ्यांनी श्वास रोखून बघितला. समुद्रकाठी कळप उभाच होता. सगळे उंट मिळून नाचले, सरडा न अडखळता गाणं म्हणाला, खलास.

"इतकंच व्हय?" प्रेमानंद म्हणाला.

"माझ्या मनातला चांगला होता," पल्लवी म्हणाली.

"पंगत कवा येऊन राहिली?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

करुणानं सीडी काढली, पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हिंगोली गाठली.

"काहो, माझं लग्न कुठं गेलं?"

गोपीचंद आधी घाबरला, मग त्याला उलगडलं, मग त्यानं दोन्ही कान पकडले. "ताई, खरंच कळलं नाही. लोक उलटी तक्रार घेऊन येतात हो, पिक्चरवर लग्न भरलं म्हणून. कॅसेट आहे, काही बिघडलं नाही. लग्नाची झकास सीडी करून देतो."

"झकास नको. जशी हाय तशी पाहिजे."

"तुम्ही काळजीच करू नका."

काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाचीच काळजी करावी, एवढं करुणाला अंगणवाडीच्या नोकरीत कळलं होतं, तरी ती फसली. चार दिवसांनी सीडी लावली. वरणाची बादली आली आणि बादलीवर गाणं! तेच, पावसात भिजल्याचं. पत्रावळींभोवती बदाम फिरत होते. लक्ष्मीबाई दोन मिनिटं ऐकत बसली, मग पदर तोंडाला लावून आतल्या खोलीत गेली. तिला रडताना करुणानं कोंडीबाच्या मयतीनंतर पहिल्यांदाच बघितलं. तेव्हा मात्र करुणाचा संताप गेला. कॅसेट बुरशीची. आणखी किती वेळा चालेल, कुणी सांगावं?

तिसऱ्या वेळेला ती मायला हाताला धरून घेऊन गेली. दुकानात शिरली, मायला स्टुलावर बसवलं आणि स्वतः गोपीचंदच्या मशिनीशेजारी उभी राहिली.

"गाणं काहून घातलं?"

"ताई, आवाज फार खराब होता हो. पंगतीत आरडाओरडा, आणि शेवटाला तर कुणी तरी माणूस कॅमेऱ्याजवळच बडबडत होता. जीपच्या सीनमध्ये सारखी बडबड. म्हटलं तुमच्या पाठवणीची मजा जाईल, म्हणून सगळं दाबलं."

"कोन बडबडत होता?"

"काय माहीत? दिसत नाही तो."

लक्ष्मीबाईनं मान वर केली. "लाव," म्हणाली. "हात लावू नको कशाला. नुसतं लाव."

गोपीचंदच्या मशिनीत उंट अर्ध्या मिनिटात पळून गेला. एवढ्याशा कामासाठी आपण अकरा वर्षं घालवली, असं करुणाच्या मनात आलं आणि तिनं दात आवळले. बादली आली. भांड्यांचा आवाज, कुत्र्याला हाकलल्याचा आवाज, आणि त्या सगळ्यावरून तो कोंडीबाचा, खडखडीत, "वाढा रे! त्या कोपऱ्यातल्या पाव्हण्याला भात न्हाई, आंधळे झाले का तुमी?" लक्ष्मीबाईच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. "कसे वरडून राहिले बघ," ती म्हणाली. "लोकाच्या लेकराला आसं बोलावं का?"

मग जीप दिसली. करुणाचे पाय आपोआप दाराकडं वळले. म्हातारीनं चाचपडत तिचा पदर धरला.

"कुठं निघाली? बस न. आजून हाय त्यांचा आवाज."

करुणा उभीच राहिली. पडद्यावर मावळतीचा अंधार, आणि एकदम प्रखर उजेड पडला. उजेडात पांढऱ्या साडीतली एक पोरगी, रडून डोळे सुजलेली. आणि अगदी कानाशी बोलावं तसा माइकजवळ आवाज आला.

"थावरा, माह्याकडं काहून फिरवून राहिला? माह्यात काय बघायचं हाय? पोरीकडं धर."

"तुमी बत्ती वर धरा, मामा. माझा बत्तीवाला जेवायला गेला तो गेलाच."

"धरतो न बाबा. तिचं तोंड बराबर येऊ दे. पुन्यांदा कवा बघायचं आपून?"

पडद्यावरच्या पोरीनं उजेडानं डोळे बारीक केले, कपाळावर आडवा हात धरला. "आबा कुठं हायेत?" ती म्हणाली. बायका इकडंतिकडं बघायला लागल्या. जीपचा हॉर्न वाजला. आणि त्या हॉर्नखाली, जेमतेम ऐकू येईल असा कोंडीबा बोलला, "हितंच हाय की, बाई. हितंच हाय म्या." उजेड थरथरला, पुन्हा सरळ झाला. जीप हलली.

गोपीचंदनं हळूच मशीन थांबवलं. करुणा मायकडं वळली.

"माय, आबा बत्ती धरून व्हते?"

"मंग? कोन धरणार व्हतं? दुसऱ्या दिशी मीच हातावर हळद लावली. बत्तीचा पत्रा तापून पार भाजलं व्हतं."

"मंग मला सांगितलं काहून न्हाई? अकरा वर्षं!" करुणा दुकानातच ओरडली. "तुमी दोघांनी एक शब्द काढला न्हाई!"

लक्ष्मीबाई गोंधळली. आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "त्यात काय सांगायचं? तू इचारलं कवा?"

करुणा मायच्या शेजारी खाली फरशीवरच बसली. रडू आलं ते तिनं आवरलं नाही, गोपीचंद बघत होता तरी. थोड्या वेळानं त्यानं भीत भीत विचारलं, "ताई, ही बडबड ठेवायची ना?"

"ठिवा," करुणा म्हणाली. "आन् जरा मागं घ्या."

त्यानं मागं घेतलं. पुन्हा जीप, पुन्हा उजेड. कपाळावर हात आडवा धरून ती पांढऱ्या साडीतली पोरगी सरळ करुणाकडंच बघत होती, आणि आबा कुठं हायेत म्हणून विचारत होती.